समोरचा रस्ता किती दिसतो?

सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढू लागले की पुढे एखादी एसटी किंवा माल भरलेला ट्रक लागतो आणि त्याच्यामागे मोटारींची रांग तयार होते. ओव्हरटेक करावे की थांबावे, याचा निर्णय आपल्या गाडीच्या ताकदीपेक्षा समोर किती रस्ता मोकळा दिसतो यावर घ्यायचा असतो. आणि लागणारा रस्ता बहुतेकांच्या अंदाजापेक्षा बराच लांब असतो.

आधी सपाट, सरळ, दुपदरी रस्त्याचा हिशेब पाहू. एसटी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात आहे आणि आपली मोटार ताशी ७० किलोमीटर वेगाने. दोन्ही वाहनांची लांबी आणि मागेपुढे राखायचे अंतर धरले, तर एसटीपेक्षा सुमारे ५६ मीटर अधिक कापावे लागतात, आणि वेगातला फरक २० किलोमीटरचाच असल्याने त्याला दहा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात आपण जवळजवळ १९५ मीटर पुढे जातो आणि समोरून त्याच वेगाने येणारे वाहनही तितकेच जवळ येते. म्हणजे सुमारे ४०० मीटर रस्ता तर नुसता वापरलाच जातो. सुरक्षिततेसाठी सोडायचे अंतर त्याहून वेगळे.

आंबोलीच्या वळणांवर एवढा रस्ता क्वचितच दिसतो. पावसाळ्यात दाट धुके उतरते, धबधब्यापाशी माणसे रस्त्यावर उतरलेली असतात, आणि तेव्हा मागे राहणे हाच योग्य निर्णय ठरतो.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या वाहनचालन विनियमांमागेही हाच विचार दिसतो. वळण, चढाचा माथा, अरुंद पूल, चौक आणि पादचाऱ्यांची ओलांडणी या ठिकाणी समोरचा धोका वेळेत दिसत नाही किंवा अचानक आडवा येतो, म्हणून तिथे ओव्हरटेक करू नये. रस्त्याच्या मध्यावरची अखंड रेषा ओलांडायची नसते. अखंड आणि तुटक अशा दोन रेषा शेजारी असतील, तर आपल्या बाजूची रेषा पाळायची. ओव्हरटेक उजवीकडूनच करायचे असते. पुढचा चालक उजवीकडे वळण्याचा इशारा देऊन मध्याकडे सरकला असेल आणि डावीकडे पुरेशी जागा असेल, तरच डावीकडून जाता येते. पुढचे वाहन स्वतःच कोणाला तरी मागे टाकत असेल, किंवा मागचे वाहन आपल्याला मागे टाकू लागले असेल, तर आपण थांबायचे. ज्याला मागे टाकले जात आहे, त्याने वेग वाढवायचा नाही. हा शेवटचा नियम सर्वांत अधिक मोडला जातो असे आम्हाला वाटते, आणि त्यामुळे बाहेर पडलेला चालक समोरच्या वाहनापुढे अडकतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार बेकायदा ओव्हरटेक हे धोकादायक वाहनचालन ठरू शकते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पुढच्या ट्रकचा उजवा इंडिकेटर लागला, तर तो वळणार आहे की समोरून वाहन येत असल्याचे सुचवतो आहे, हे मागून ओळखता येत नाही. म्हणून त्या इशाऱ्यावर विसंबून बाहेर पडू नये. रस्ता मोकळा असल्याची स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करावी, आरशांत आणि उजव्या खांद्यावरून मागे पाहावे, इंडिकेटर द्यावा आणि मगच निघावे. मागे टाकलेली एसटी आतल्या आरशात पूर्ण दिसेपर्यंत डावीकडे येऊ नये, आणि आल्यावर लगेच ब्रेक दाबू नये, कारण प्रवाशांनी भरलेल्या बसला थांबायला मोटारीपेक्षा जास्त अंतर लागते.