विसण कुठून आणायचं?

(पहाट. वेण्णा तलावाच्या काठचं गवत, पात्यांवर गोठलेलं दव. मागे कॅम्पर व्हॅनचं दार.)

डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरला वेण्णा तलाव, लिंगमळ्याच्या भागात हे दिसतं. पारा शून्याच्या वर असला तरी निरभ्र रात्री उघड्यावरच्या वस्तू हवेपेक्षा गार होतात. गाडीच्या मागे टांगलेला गॅस गिझरही उघड्यावरच असतो. म्हणून गाडीवरच्या या गरम शॉवरच्या चाचणीची तयारी आदल्या रात्री करायची: गिझरच्या बुडाचा स्क्रू सोडून आतलं पाणी काढून टाकायचं. तांब्याच्या नळीत पाणी गोठलं तर नळी फाटते, आणि ते कळतं सकाळी, पाणी सोडल्यावर.

टाकीतलं पाणी 12 अंश धरू. अंगावर घ्यायला 40 हवं. वीस लिटर पाणी 28 अंश चढवायला साधारण 0.65 युनिट वीज लागते. बारा व्होल्टची 100 अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी निम्मी वापरली तर तेवढंही देत नाही. तिथे विजेच्या हीटरचा विषय संपतो. गॅस मात्र साठ-सत्तर ग्रॅमच जळतो. पाच किलोच्या सिलिंडरमध्ये सत्तरएक अंघोळी.

(जवळून: शॉवरखाली बादली, बाजूला मोबाइलवर सेकंद.)

आता प्रवाह मोजा. मिनिटभर बादलीत पाणी सोडा. सहा लिटरचा गिझर म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी 25 अंश चढवणारा. बादलीत तीनच लिटर आलं आणि ज्योत पूर्ण असली, तर तेच पाणी 50 अंश चढणार. म्हणजे 62 अंश! कढत.

घरी बंबाच्या पाण्यात विसण घालतात. इथे मिक्सर नळाने घालायला जाल तर गिझरमधून जाणारं पाणी आणखी कमी होतं. प्रवाह फार घटला की पाण्याच्या जोराने गॅस उघडणारा गिझरमधला पडदा उचलला जात नाही, बर्नर विझतो आणि नुसतं विसणच अंगावर येतं. त्यापेक्षा प्रवाह चार लिटरवर आणा आणि गॅसचा नॉब पाऊण ज्योतीवर ठेवा.

(आवाज: पंपाची धडधड. ज्योत पेटते, विझते.)

हा आवाज ऐका. शॉवरची भोकं बारीक, पंप मोठा. नळीत दाब साठतो, प्रेशर स्विच पंप बंद करतो, दाब उतरला की पुन्हा सुरू करतो. दर वेळी ज्योत विझून पेटते, पाणी गरम-गार येत राहतं. दोष थंडीला दिला जातो, असतो शॉवरचा. मोठ्या भोकांचा शॉवर लावा, नाहीतर पंप आणि गिझरच्या मध्ये छोटी प्रेशर टाकी. एवढं करूनही प्रवाह कमी असेल तर गिझरच्या तोंडाची जाळी काढून धुवा. ठिणगी मंद टिकटिकत असेल तर सेल बदला; गारठ्यात जुने सेल लवकर मान टाकतात.

साबण लावताना शॉवर बंद केला असेल, तर पुन्हा सुरू करताना तो आधी बादलीत धरा. पहिली धार नळीत तापत राहिलेल्या पाण्याची, चटका देणारी. तिच्यामागून ज्योत पेटेपर्यंतचं गार पाणी. खरं तर सगळं बादलीत घेऊन तांब्याने अंघोळ केली तर हा प्रश्नच येत नाही, विसणही हाताने घालता येतं.

गिझर गाडीत किंवा अंघोळीच्या तंबूत लावायचा नाही. खिडकी उघडी ठेवली तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. गिझर बाहेर, वाऱ्याच्या आडोशाला, आणि त्या बाजूच्या काचा बंद. सिलिंडर उभाच, आडवा केला तर द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो.

(तंबूखालचा पसरट टब. फेसाळ पाणी कॅनमध्ये ओतलं जातं.)

वेण्णा तलावाचं पाणी महाबळेश्वर-पाचगणी पितं. साबणाचं पाणी काठावर ओतायचं नाही, कॅनमध्ये भरून गाडीतून न्यायचं. निघताना आधी सिलिंडर बंद, मग पाणी. आणि बुडाचा स्क्रू पुन्हा सैल.