घमेलं हातोहात

(दृश्य : पहाट. विजेऱ्यांचे झोत. कुदळी-फावडी वाटली जात आहेत.)

चंद्रपूर जिल्ह्यातला मूल तालुका. मे महिना निम्मा उलटलाय. दुपारी इथं पारा पंचेचाळिशी गाठतो, म्हणून काम उजाडता उजाडताच सुरू होतं. पुणे, लातूर, नागपूर, कोल्हापूर, कुठून कुठून आलेली ही पोरं. निम्म्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पहार उचललीय, ते सांगावं लागत नाही.

सोमनाथ हा कुष्ठरोगातून बरे झालेल्या माणसांचा शेतीप्रकल्प. ही तिथली श्रमसंस्कार छावणी. बाबा आमट्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेली. तारखा ठरलेल्या : १५ ते २२ मे. सुट्टीतले सगळ्यात तापलेले आठ दिवस.

(दृश्य : मातीने भरलेली घमेली हातोहात पुढे सरकताहेत. साखळीत विद्यार्थी आणि प्रकल्पातले रहिवासी.)

साखळीत कोण कुठे उभं राहायचं, याची यादी नसते. कॉलेजच्या पोरीच्या एका बाजूला दुसरी कॉलेजची पोर, दुसऱ्या बाजूला साठीतले एक मामा. मामांच्या उजव्या हाताची दोन बोटं आत वळलेली आहेत, डाव्या हाताची शेवटची पेरं नाहीत. तरी घमेलं त्यांच्याकडून सांडत नाही. सांडतं तिच्याकडून. "हातानं नको वं तोलू, पोटाशी धर," मामा सांगतात. ती धरते. तासाभरानं तिचा हात बसतो.

पहिल्या दिवशी घमेलं घेताना तिची बोटं मामांच्या बोटांना लागू नयेत, अशी तिची खटपट चाललेली कॅमेऱ्यात दिसते. तिला नावं ठेवायचं कारण नाही. महारोग हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्या समाजातच तीही वाढलीय. पण साखळीत दर काही सेकंदांनी नवं घमेलं येतं, आणि अंग चोरायला सवड मिळत नाही.

(दृश्य : संध्याकाळ. दोघांचे तळहात, जवळून.)

दिवसाअखेर दोघंही आपापले तळहात बघतात. ती बघते, कारण फोड आलेत आणि आग होतेय. मामा बघतात, कारण त्यांना काहीच होत नाहीय. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतात. स्पर्श कळेनासा होतो, मग चटका कळत नाही, काटा रुतलेला कळत नाही. जखम चिघळते आणि तिच्यापायी बोट जातं. बोटं 'झडतात' असं आपण म्हणतो, ते तितकंसं खरं नाही. म्हणून मामा रोज उजेडात हात आणि पाय उलटेपालटे करून तपासतात. दुखणं हे वरदान असतं, असं पुस्तकात वाचलं की गुळगुळीत वाटतं. इथं तिचे फोड आणि त्यांचा कोरडा तळहात शेजारी शेजारी दिसतात.

मामांचा रोग केव्हाच बरा झालाय. १९८०च्या दशकापासून बहुविध औषधोपचार, म्हणजे अनेक औषधं एकत्र, मिळतात, सरकारी दवाखान्यात फुकट. औषध सुरू झालं की रुग्णापासून लागण होण्याचा धोका लवकरच संपतो. शिवाय बहुसंख्य माणसांच्या अंगात या जंतूला पुरून उरण्याची ताकद मुळातच असते. हे सगळं शाळेच्या पुस्तकात घालता येईल. भीती मात्र पुस्तकानं जातेच असं नाही.

(दृश्य : आनंदवनाची जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

वरोऱ्याजवळच्या आनंदवनानं हे फार पूर्वी पाहिलंय. १९५१ साली बाबा आणि साधनाताई तिथल्या खडकाळ, झाडोऱ्यानं भरलेल्या जमिनीवर आले, ते सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन. विहीर खणली, भाजी पिकवली, दूध निघायला लागलं. पण गावात ते घेणार कोण? कुष्ठरोग्यांच्या हातची भाजी वरोऱ्याच्या बाजारात चालेना.

मग पन्नासच्या दशकात 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' या संघटनेची परदेशी तरुण मंडळी आली. पहिल्या महायुद्धानंतर निघालेली ही संघटना. फावडं हातात घेणं हेच तिचं शांततेचं काम. ही पोरं आनंदवनात राहिली, रुग्णांबरोबर विटा वाहिल्या, दवाखान्याची इमारत उभी केली. तिथलीच भाजी खाल्ली, तिथलंच दूध प्यायली. वरोऱ्याचे लोक कुतूहलानं बघायला येत. गोरी माणसं खाऊन-पिऊन धडधाकट आहेत म्हटल्यावर गावाचा विरोध सैल पडला. (आपल्याला पटायला गोरी माणसं लागली, हे जरा टोचतंच.)

पुढे आनंदवनानं आणखी एक गोष्ट केली. १९६४ साली तिथं कॉलेज निघालं, आनंदनिकेतन. ज्यांच्या सावलीलाही लोक भीत, त्याच माणसांनी गावातल्या धडधाकट पोरांसाठी भिंती बांधल्या. विद्यार्थी वंचितांना मदत करतात, असं आपण सहज बोलून जातो. इथं त्याच्या नेमकं उलट झालं होतं.

(दृश्य : सोमनाथ. पंगत.)

छावणीतही तसंच आहे. पानातला भात सोमनाथच्याच बांध्यांमधला, रोगातून बरे झालेल्या माणसांनी पिकवलेला. जमीन त्यांनी कसलीय, बांध कुठे फुटतो ते त्यांना ठाऊक आहे. पोरं आठ दिवसांचे मजूर, तेही शिकाऊ. बाबांना दानाची चीड होती. माणूस कामानं उभा राहतो, असं ते म्हणत.

रात्री गाणी होतात, चर्चा होतात. दमलेली पोरं भाषण चालू असताना पेंगतात, तेही साहजिकच.

आठ दिवसांत क्रांती होते, असा आमचा दावा नाही. बरेच जण फोटो काढून घरी जातात आणि नोकरीला लागतात. पण छावणीत आलेले काही जण पुढे भामरागडच्या जंगलात, हेमलकशाच्या, आदिवासींसाठीच्या लोकबिरादरी प्रकल्पात जाऊन राहिले. १९८५मध्ये बाबांबरोबर कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलवर निघालेलेही तरुणच होते.

समाजाचं घोडं मात्र सावकाश चालतं. कुष्ठरोग्यांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८चा इंग्रजी कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागण्याची तरतूद तर २०१९पर्यंत आपल्या कायद्यांत होती.

(दृश्य : शेवटचा दिवस. मूलकडे निघालेली गाडी. पोरगी फोनवर.)

पोरीनं आईला फोन लावलाय. कुणाबरोबर काम केलं, कुणाच्या शेतातला भात खाल्ला, सगळं ती भडाभडा सांगतेय. पलीकडून आई पहिल्यांदा काय विचारते, ते आता तिच्याच तोंडून ऐकू.