दा-हो म्हणजे कोण?

(दृश्य: दक्षिण चीनमधलं ग्वांगझोऊ. उपाहारगृहाचं स्वयंपाकघर, भर दुपार.)

भट्ट्यांचा आवाज एवढा, की शेजारच्याशीही ओरडूनच बोलावं लागतं. कढया ओळीनं मांडल्यात आणि प्रत्येक कढईवरचा माणूस ठरलेला आहे. सगळ्यांत मुरलेला हात पहिल्या कढईवर. त्याला इथल्या कँटोनीज बोलीत म्हणतात 'ताव-वोक'. शब्दाचा अर्थही तोच, पहिली कढई. मग दुसरी, तिसरी आणि शेवटी 'मेई-वोक', शेपटाची कढई. इथं माणूस आपल्या जागेच्या नावानं ओळखला जातो.

आता कढईवाल्याच्या पाठीमागे बघा. लांब टेबलाशी एक तरुण उभा आहे. मांसाच्या तुकड्यांना तो पिठी चोळतो. आल्याचे काप, कांद्याची पात वाटीत काढून ठेवतो. कुठली ऑर्डर आधी कढईत पडायची, हे त्याला पाठ असतं. पदार्थ उतरायच्या क्षणी ताट पुढे सरकवतो आणि काठावर सांडलेला रस फडक्यानं टिपतो.

हा 'दा-हो'.

अक्षरं सुटी करून वाचली तर 'मारणे' आणि 'कमळ'. शब्दकोश घेऊन बसलेला अनुवादक इथंच अडतो. या धंद्यातले लोक सांगतात, हा 'हो' मुळात कमळाचा नाहीच, नदीचा आहे, उच्चार एकच. येणाऱ्या ऑर्डरींचा ओघ आवरणारा तो दा-हो. इंग्रजीत मात्र त्याला बहुतेकदा 'वोक असिस्टंट' म्हणतात, कढईवाल्याचा मदतनीस. त्यात ती नदी आटून जाते, आणि मला ते मनापासून खटकतं.

'जाम-बान'चंही तेच. शब्दशः अर्थ चिरण्याचा ठोकळा. इंग्रजीत त्याचा नुसता 'कटर' होतो. पण चिनी पानावर सुरी नसते. काड्यांनी उचलता येईल असाच घास स्वयंपाकघरातून यावा लागतो. शिवाय परतायला मिनिट-दोन मिनिटंच मिळतात. काप जाड-बारीक झाले, तर निम्मे कच्चे, निम्मे करपलेले. म्हणून ठोकळ्यावरच्या मुख्याचा मान मोठा. माल किती आहे, किती वाया जातोय, यावर त्याचीच नजर.

वाफेवरचं सगळं आणि सुकवलेले समुद्री जिन्नस भिजवणं, फुलवणं 'सोंग-जाप'कडे. मासे मारून साफ करणारा तो 'सॉय-टोय', म्हणजे पाण्याचा ओटा.

इंग्रजीकडे या कामांसाठी शब्द नाहीत, कारण तिची हॉटेलातली पदनामं फ्रेंचांची. १९ व्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच शेफ ऑग्युस्त एस्कॉफिए यांनी लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात जी कामाची घडी बसवली, तिच्यातून शेफ, त्याच्या हाताखालचा सू शेफ, सॉस करणारा सॉसिए ही पदं रुळली. तिथं सॉस करणाऱ्याला स्वतंत्र पद आहे. वाफेवर शिजवणाऱ्याला नाही.

(दृश्य: सॅन फ्रान्सिस्को, जुनी छायाचित्रं.)

पदनामावर पोट अवलंबून असायचं, असाही एक काळ होता. १८८२ च्या कायद्यानं अमेरिकेनं चिनी मजुरांना दार बंद केलं. व्यापाऱ्यांना मुभा होती. १९१५ मध्ये न्यायालयाच्या एका निर्णयानंतर उपाहारगृहाचा मालकही व्यापाऱ्यांत धरला जाऊ लागला. अट अशी, की त्यानं वर्षभर स्वतः स्वयंपाक करायचा नाही, वाढायचं नाही. ज्या हातांवर उपाहारगृह चालायचं, ते हात सरकारी कागदावर मजुराचेच राहिले. हा कायदा १९४३ मध्ये रद्द झाला.

चिनीत स्वयंपाक्याला 'छू-शी' म्हणतात. 'छू' म्हणजे स्वयंपाकघर आणि 'शी' म्हणजे गुरू. इंग्रजीतल्या 'कुक'मध्ये हा गुरू सापडत नाही. मराठीत तो सापडतो. विराटाच्या मुदपाकखान्यात भीम बल्लव होऊन राहिला आणि त्या नावापुढे आपण आचार्य जोडला. बल्लवाचार्य! छू-शीला याहून जवळचा शब्द मला ठाऊक नाही.

दा-होसाठी मी मराठीत 'ओघ सांभाळणारा' एवढंच लिहीन. दोन शब्द लागतात, लागू देत.

(दृश्य: पुन्हा ग्वांगझोऊ.)

कढई उचलली गेली. ताट आधीच तिच्याखाली आलेलं आहे.