झाकण लावलेला डबा
(दादरमध्ये पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

माझं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. आश्विनात हस्त नक्षत्र लागलं की चौकात पाटावर हत्ती काढायचा आणि त्याच्याभोवती फेर धरायचा. भोंडल्याची गाणी आठवून बघा, अर्ध्याअधिक ओळींना अर्थच नसतो. आडात सुपारी पडते, आडात शिंपला पडतो आणि भोंडला संपतो. का संपतो, हे आम्ही कुणी विचारलं नाही, गाणं मात्र आजही पाठ आहे. त्यानंतर यायची खिरापत. झाकण घट्ट लावलेला डबा घरची बाई कानाशी धरून वाजवून दाखवायची. खुळखुळ वाजलं तर दाणे, धप्प वाजलं तर वडी. 'गोड की तिखट?' एवढंच विचारायची मुभा. त्या पाच मिनिटांत आम्ही जेवढे पदार्थ मनात खाल्ले, तेवढे प्रत्यक्षात कधी खाल्ले नसतील.

तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवल्यावर मला वाटतं, मुलांच्या कल्पनाशक्तीसाठी आपण फार काही देण्याची गरज नाही. फक्त झाकण उघडायची घाई करू नये. आपण मोठी माणसं मात्र ती घाई करतोच.

पुस्तकांचंच घ्या. गोष्ट वाचून संपते न संपते तोच आपण विचारतो, 'मग यातून काय शिकलास?' हा प्रश्न मीही वर्गात वर्षानुवर्षं विचारला आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. तो ऐकला की मुलाला कळतं, गोष्ट म्हणजे औषधाभोवतीची साखर होती. पुढच्या वेळी ते गोष्ट ऐकत नाही, तात्पर्य शोधतं. १९७१पासून 'किशोर' मासिक निघतंय, आपल्यातल्या कितीतरी जणांनी ते पोटाशी धरून वाचलं असेल. तेव्हा वाचून झाल्यावर आपली परीक्षा कुणी घेतली होती? रात्री मोठ्याने वाचा, ऐन रंगात आलं की पुस्तक मिटा आणि दिवा घालवा. उरलेलं अंधारात मूल स्वतः रचतं.

श्रद्धेबद्दल बोलताना लोक बिचकतात, पण मला त्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्ञानेश्वरीची रचना १२९० सालची. तिच्या आरंभी ज्ञानेश्वर अक्षरांचा गणपती उभा करतात: अकार हे पाय, उकार हे पोट, मकार हे मस्तक. तिसरीच्या वर्गात मी फळ्यावर मोठा ॐ काढून एवढंच सांगितलं. एका मुलीने विचारलं, 'बाई, मग डोळे कुठेत?' उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं, कसंबसं गिळलं. दुसऱ्या दिवशी तिने कागद आणला. चंद्रकोरीची तिने परात केली होती आणि वरच्या टिंबाचा मोदक. डोळे काढलेच नव्हते. म्हणाली, 'तो झोपलाय, जेवून.'

आणि वाघोबा! आरे कॉलनीतल्या वारली पाड्यांवर त्याची ठाणी आहेत. लाकडावर किंवा दगडावर वाघ कोरलेला आणि वर चंद्रसूर्य. शेजारी शंभर चौरस किलोमीटरहून मोठं राष्ट्रीय उद्यान, त्यात खरेखुरे बिबटे. तिथे एका मुलाने मला विचारलं, 'वाघ देव असेल, तर त्याची भीती वाटली तर चालते का?' असा प्रश्न मला साठ वर्षांत सुचला नव्हता. मी गप्प राहिले. तो परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसला होता. त्याच्या मनात काय चाललं होतं, ते मला आजही माहीत नाही आणि माहीत व्हायला हवं असंही नाही.

'मुंबईत निसर्ग कुठाय?' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. राणीच्या बागेत पिंपाएवढ्या बुंध्याची गोरखचिंच आहे. आणि समुद्र तर फुकट आहे. मुलांना कोळ्यांचा आणि कोकणातल्या माणसांचा जुना हिशोब शिकवा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पंधराचं पाऊणपट करताना रडणारं मूल समुद्रासाठी ते झटकन करतं.

येत्या अमावास्येला संध्याकाळी पाच वाजता आपण गिरगाव चौपाटीच्या कडेच्या खडकांवर जाणार आहोत. पाणी मागे हटलं की डबकी उरतात. त्यांत फुलासारखी उमलणारी समुद्रफुलं असतात, दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड थाटलेला खेकडा असतो. पायांत न घसरणाऱ्या चपला हव्यात. शंख उचलायचा नाही, आत कुणीतरी राहत असतं. आणि कृपा करून, तिथे काय दिसणार आहे ते मुलांना आज घरी जाऊन सांगू नका.