कादंबरी मधेच का अडकते?

नमस्कार मंडळी. कादंबरी लिहायला घेतलेल्या बऱ्याच जणांची पहिली तीन प्रकरणं एकदम मस्त झालेली असतात, परत परत घासूनपुसून चकाचक केलेली, आणि चौथं काही केल्या पुढे सरकत नाही. आज त्या चौथ्या प्रकरणाबद्दल बोलू.

आधी ते मागे जाऊन दुरुस्त्या करणं बंद करा. पहिला खर्डा लोकांनी वाचावा म्हणून नसतोच हो, गोष्ट काय आहे ते आपल्यालाच कळावं म्हणून असतो. लिहिता लिहिता वाटलं की नायिकेला भाऊ नकोच, तर समासात लिहा 'भाऊ काढला', आणि पुढच्या पानापासून तो कधी नव्हताच असं धरून चला. आणि खरं सांगू का, ते लाडकं पहिलं प्रकरण पुष्कळदा शेवटी काढूनच टाकावं लागतं, कारण गोष्ट सुरू होते दुसऱ्यात.

आता अडकणं. आपण म्हणतो प्लॉट सुचत नाहीये, पण माझ्या मते बहुतेकदा पात्राला काय हवंय हेच ठरलेलं नसतं. 'त्याला सुखी व्हायचंय' हे चालणार नाही, ते काय सगळ्यांनाच हवं असतं. त्याला वडिलांनी विकलेलं घर परत घ्यायचंय आणि ते आता जिच्याकडे आहे तीच त्याला आवडायला लागलीये, असं काहीतरी पाहिजे, मग प्रसंग शोधत बसावं लागत नाही, तो तिच्या दारात गेला की काहीतरी होणारच. प्रकरण संपलं की बघा, सुरुवातीला जे होतं त्यातलं काय बदललं? नुसत्याच गप्पा झाल्या असतील तर तिथे खूण करून ठेवा, दुसऱ्या खर्ड्यात ते जाणार, कितीही गोड लिहिलेलं असो.

रोज किती लिहायचं? दिवसाला 300 शब्द धरले तरी 200 दिवसांत 60,000 होतात, म्हणजे आटोपशीर कादंबरी झाली की. अँथनी ट्रोलप हा इंग्रज लेखक पोस्टखात्यात नोकरी करायचा, पहाटे साडेपाचला टेबलापाशी बसायचा आणि समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला 250 शब्द लिहायचा, अशा 47 कादंबऱ्या झाल्या त्याच्या. एवढं घड्याळ लावून लिहिणं सगळ्यांना झेपेलच असं नाही, मलाही नाही झेपत. पण दिवसाचं काम थांबवताना पुढचा प्रसंग डोक्यात तयार असतानाच थांबा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाकडे बघत बसायला नको.

वयं, तारखा, कोणाला कोणतं गुपित कधी कळलं, हे वेगळ्या वहीत ठेवा, नाहीतर दोनशेव्या पानावर घोळ होतो.

आणि संवाद मोठ्याने वाचा. पात्रांची नावं झाकून वाचून बघा, कोण बोलतंय ते कळलं नाही तर दोघांपैकी एकाची निम्मी वाक्यं काढा, त्याला फक्त मान हलवू द्या किंवा विषय बदलू द्या, आणि परत वाचा.