टोपलीखाली

(पहाट. समुद्राची गाज.)

वेळासचा किनारा, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. पुण्याहून आलेली सातवीची मुलं दोरीच्या अलीकडे उकिडवी बसली आहेत. सगळी गप्प. काल ताम्हिणी घाटात घसा बसेपर्यंत गाण्याच्या भेंड्या खेळणारी हीच ती मुलं!

समोर हॅचरी, म्हणजे कासवांची अंडी जपण्याची जागा. जाळीच्या आत वाळूवर टोपल्या पालथ्या घातल्या आहेत. प्रत्येक टोपलीखाली एक घरटं. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते, दीडेक फूट खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वर वाळू लोटून समुद्रात निघून जाते. पुढचे ४५ ते ५५ दिवस अंडी वाळूच्या उबेवर. ऊब जास्त असली तर माद्या जास्त निपजतात, कमी असली तर नर.

पूर्वी ही अंडी माणसं न्यायची, उरलेली कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी जायची. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावाला सोबत घेऊन इथं संरक्षणाचं काम सुरू केलं. गावातले कासवमित्र किनाऱ्यावर मादीचा माग काढतात आणि अंडी अलगद हॅचरीत आणून पुरतात.

काल संध्याकाळी टोपल्या उचलल्या, तेव्हा खाली नुसती वाळू होती. एक मुलगा रडवेला झाला. "एवढ्या लांबून आलो, आणि काहीच नाही?" बाईंनी त्याची समजूत काढली नाही. मला ते फार योग्य वाटलं. पुस्तकात पान उलटलं की कासव हजर असतं, इथं त्याची वाट बघावी लागते. वॉटर पार्कला नेऊन त्याला शैक्षणिक सहल म्हणणाऱ्या शाळांनी ही एक संध्याकाळ तरी मुलांना द्यावी.

रात्री गावातल्या घरांमध्ये मुक्काम. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं. जेवणं झाल्यावर कासवमित्र दादांनी पहाटेचं काम सांगितलं : कचरा उचलायचा, आणि पिल्लांची वाट सपाट करायची.

(जवळून : वाळू, तळहात.)

ही मुलगी आपल्याच पावलाचा ठसा तळहातानं बुजवते आहे. पिल्लू जेमतेम दीड इंचाचं. टाचेच्या खळग्यात ते अडकतं, दमतं आणि कावळ्याला आयतं सापडतं. पलीकडे वाळूत रुतलेलं तुटकं जाळं ओढायला चौघं लागली आहेत. गोणीत थर्माकोल, बाटल्या, एकेकट्या चपला.

सात वाजतात. दादा टोपली उचलतात. वाळू किंचित खचते. एक काळं डोकं वर येतं, मग वल्ह्यासारखा एक पाय.

"दादा, थेट पाण्यातच सोडा ना!"

"नाही रे. चालू दे त्याला. मोठी झाली की मादी अंडी घालायला याच भागात परत येते. वाळूची ओळख आत्ताच व्हायला हवी."

पिल्लू निघतं. बुजवलेल्या ठशावरून सरळ पुढं जातं. ती मुलगी तोंडावर हात धरून बघते आहे. पहिली लाट त्याला उलथवून हातभर मागं आणून टाकते. कुणीतरी उठतं, बाई खुणेनंच खाली बसवतात. पिल्लू पालथं होतं, तोंड फिरवतं, पुन्हा चालू लागतं.

दुसरी लाट येते. ओसरते. वाळूवर काही नाही.