दोन हर्ट्झ, शंभर हर्ट्झ

[हाताचा क्लोजअप. आवाज फक्त यंत्राचा.]

अंगठा तर्जनीला चिकटवला की हाताच्या पाठीवर मांसाचा एक उंचवटा येतो. चिनी वैद्यकात या जागेचं नाव हेगू. इथं ॲक्युपंक्चरची केसासारखी बारीक सुई टोचली आहे. सुईला चिमटा, चिमट्याला वायर, वायरीच्या टोकाला छोटं यंत्र. बटण फिरवलं, आणि अंगठा आपणहून उडायला लागला. सेकंदाला दोनदा, म्हणजे दोन हर्ट्झ. दुखतंय का? नाही. हात जड वाटतो, थोडा बधिर.

1965 मध्ये बीजिंगचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ हान जिशेंग यांनी या सुईमागचं शास्त्र शोधायला घेतलं. निरोगी स्वयंसेवकांच्या हेगूत सुई टोचायची आणि वेदना किती सोसवते ते अंगावर ठिकठिकाणी मोजायचं. सहनशक्ती वाढली, पण हळूहळू. कळस गाठायला अर्धा तास लागला. सुई काढल्यावरही ती लगेच कोसळली नाही. साधारण 16 मिनिटांत निम्मी, अशा गतीनं ओसरली. शिवाय सुई हातात, परिणाम मात्र अंगभर. तीच जागा आधी इंजेक्शननं बधिर केली, तर काहीच घडेना. म्हणजे निरोप नसेतून वर जात होता आणि वर काहीतरी पाझरत होतं.

[दृश्य बदल: प्रयोगशाळा, काचेच्या नळ्या.]

मग सशांची पाळी आली. सुई दिलेल्या सशाच्या मेंदूतला द्रव काढून दुसऱ्या सशाच्या मेंदूत सोडला. या दुसऱ्याला सुईचा स्पर्शही झालेला नव्हता, तरी त्याची सहनशक्ती वाढली.

त्या द्रवात होतं काय? धागा सापडला स्कॉटलंडमध्ये. 1975 साली ॲबर्डीनच्या जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन वेगळं केलं. मॉर्फिनचंच काम करणारं, पण शरीरानं स्वतः बनवलेलं. पाठोपाठ एन्डॉर्फिन आलं, डायनॉर्फिन आलं. मॉर्फिनचा उतारा असलेलं नॅलॉक्सोन दिलं की सुईचा परिणामही उतरतो, हे आधी उंदरांत आणि 1977 मध्ये माणसांत दिसलं.

इथं जरा थांबायला हवं. 1978 मध्ये दाढ काढलेल्या रुग्णांवरच्या प्रयोगात नॅलॉक्सोननं खोट्या औषधाचा गुणही घालवला. मग ही सगळी विश्वासाचीच करामत?

उत्तर यंत्राच्या बटणात आहे. हान यांच्या गटानं 1991 मध्ये रुग्णांच्या मणक्यातलं पाणी तपासलं. दोन हर्ट्झच्या संथ ठेक्यावर एन्केफॅलिनच्या जातीचं रसायन वाढलं होतं, शंभराच्या द्रुत लयीवर डायनॉर्फिन. उंदरांतही हाच हिशेब लागला. नुसता विश्वास लय ऐकून रसायन निवडतो, हे मला तरी पटत नाही. दोन्ही रसायनं हवी असली तर यंत्र आळीपाळीनं दोन आणि शंभरावर चालवतात.

[पुन्हा तो हात. अंगठा उडतो आहे.]

यंत्र तासन्‌तास चालू ठेवलं तर? उंदरांत तेही करून पाहिलंय. गुण वाढत नाही, उलट उतरतो. कारण मेंदू कोलेसिस्टोकायनिन नावाचं, या रसायनांना विरोध करणारं रसायन सोडू लागतो.

तीस मिनिटं झाली. बटण बंद. अंगठा थांबला.